बाचीजवळच्या खानावळीला दारूचा परवाना: सीएल-९ घ्यावा, सीएल-७ करावा, की नादच सोडावा?

बाची_खानावळ
नमस्कार मंडळी. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर बाचीच्या अलीकडं आमची खानावळ आहे. वडिलांनी चार बाकड्यांवर सुरू केली, आता आठ टेबलं आहेत. मी गल्ला आणि बाजार बघतो, बायको आणि आई चूल बघतात. आमचं मटणाचं ताट खायला बेळगावातनं माणसं येतात, ही आईची कमाई.

अडचण अशी की आमच्या पुढं थोड्याच अंतरावर शिनोळी, म्हणजे महाराष्ट्र. तिकडं परमिट रूम आहेत. शनिवारी रात्री आमच्याच ओळखीच्या गाड्या दारावरनं सरळ पुढं जातात. वाईट वाटतंय. जेवण आमच्याकडचं आवडतंय, पण बसायला तिकडं.

दोन वर्षं मी गिऱ्हाइकांना बाटली घेऊन बसू दिलं. ग्लास दिले, बर्फ दिला. चूक माझी. एका रात्री दोघांची जुंपली, काच फुटली, आत दहावीचा अभ्यास करणारी माझी मुलगी घाबरून बाहेर आली. दुसऱ्या दिवसापासनं बंद केलं. तेव्हापासनं रात्रीचा गल्ला निम्म्यावर आलाय.

आता एक एजंट येऊलाय. म्हणतोय, एकाचं सीएल-९, म्हणजे बारचं लायसन पडून आहे, तुमच्या जागेवर आणू, नाव त्यांचंच राहील, तुम्ही महिन्याला भाडं द्या, नोटरी करू. तीन लाख टोकन ३० जूनच्या आत मागतोय. कागद सगळे कन्नडात आहेत, मला वाचता येतं पण कायद्याची भाषा उमजत नाही. आणि खानावळीच्या मागं गल्लीत देऊळ आहे. एजंट म्हणतोय, त्याचं मी बघतो. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

खानापूर_रोड
दादा, टोकन देऊ नका. आधी हे वाचा, मग काय ते ठरवा. मी बावीस वर्षं बार चालवलाय, त्यातली पहिली तीन वर्षं तुमच्यासारखीच भाड्याच्या लायसनवर. त्या तीन वर्षांत मला एक रात्र नीट झोप लागली नाही, म्हणून एवढं लिहितोय.

लायसन ज्याच्या नावावर, धंदा त्याचा. कायद्याला तेवढंच माहीत. तुमची नोटरी अबकारी खात्यापुढं काही कामाची नाही, उलट तीच पुरावा होते की लायसन परस्पर दुसऱ्याला चालवायला दिलंय. मालकाचं मन फिरलं की तो उद्या तुम्हाला बाहेर काढतो, आणि तुम्ही घातलेलं फर्निचर, फ्रीज, काउंटर तिथंच राहतं. माझं तसंच झालं. तक्रार तरी कुठं करणार? मुळात करारच बेकायदा होता.

एजंट लायसन 'पडून आहे' म्हणतोय ना, त्याचंही कारण समजून घ्या. नवीन सीएल-२ आणि सीएल-९ देणं सरकारनं फार वर्षांपूर्वी थांबवलंय. सीएल-२ म्हणजे वाइन शॉप, सीलबंद बाटली विकायची, तिथं बसून प्यायचं नाही. सीएल-९ म्हणजे बार, बसून प्यायचं. नवीन मिळत नाहीत, म्हणून जुन्यांना सोन्याचा भाव आलाय आणि म्हणूनच हे एजंट पोसले जातात. घ्यायचंच असेल तर रीतसर तुमच्या नावावर ट्रान्स्फर करून घ्या, सरकारची ट्रान्स्फर फी भरून. जागा बदलायची मंजुरी वेगळी लागते, ती ट्रान्स्फरच्या पोटात येत नाही. दोन्ही आदेश हातात आल्याशिवाय पैसा सोडू नका.

आणि ३० जून का, ते सांगतो. कर्नाटकात अबकारीचं वर्ष १ जुलै ते ३० जून. त्या दिवसाच्या आत नूतनीकरणाची फी भरावी लागते. मला तर वाटतंय तुमच्या टोकनातनंच ती भरायचा बेत आहे. लायसन मागची सगळी वर्षं रिन्यू झालंय का, थकबाकी आहे का, कसली केस आहे का, हे अबकारीच्या रेंज ऑफिसात लेखी अर्ज देऊन विचारा.

देवळाचं म्हणाल तर तो सगळ्यात मोठा प्रश्न. देऊळ-मशीद, शाळा, दवाखाना, सरकारी कचेरी यांच्यापासनं १०० मीटरच्या आत परवाना देत नाहीत. एजंटच्या तोंडी हिशोबावर जाऊ नका, स्वतः टेप घेऊन मोजा. माणसं चालत जातात त्या वाटेनं, दारापासनं दारापर्यंत.

बाटली आणणाऱ्यांना परत कधी बसवू नका हो. परवाना नसलेल्या खानावळीत पिणाऱ्यावर कर्नाटक अबकारी कायद्याचं कलम १५-अ लागतं आणि जागा देणाऱ्या मालकावरही केस होते. तुम्ही थांबवलं ते मुलीच्या पुण्याईनं.

निवृत्त_कारकून_बेळगाव
वरचं सगळं बरोबर आहे. मी अबकारीत नव्हतो, जिल्हाधिकारी कचेरीत होतो, पण या फाइली माझ्या टेबलावरनं गेल्यात. एक भर घालतो, कारण तुमची जागा रस्त्याकडेला आहे.

१५ डिसेंबर २०१६ ला सुप्रीम कोर्टानं राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद केली. ३१ मार्च २०१७ ला त्यात बदल झाला: २०,००० किंवा त्याहून कमी लोकसंख्येच्या स्थानिक संस्थेच्या हद्दीत ते अंतर २२० मीटर. पुढं जुलै २०१७ मध्ये महापालिका-नगरपालिकेच्या हद्दीला सूट मिळाली. म्हणून बेळगाव शहरातल्या रस्त्याकडेचे बार बघून तुम्ही तुमचा हिशोब करू नका, तुमची ग्रामपंचायत आहे. रस्ता तुमच्या दारापाशी कुठल्या वर्गात मोडतो, याचा दाखला सार्वजनिक बांधकाम खात्याकडनं लेखी घ्या. तो एक कागद नसल्यामुळं परत गेलेल्या फाइली मी बघितल्यात.

सीएल-७ विचारलंय म्हणून सांगतो. ते लॉजिंगच्या हॉटेलसाठी असतं. मंजूर नकाशा आणि ठरलेल्या संख्येच्या खोल्या पाहिजेत, नुसत्या जेवणाच्या खानावळीला मिळत नाही. सरकारकडं शिल्लक असलेले परवाने पारदर्शक ई-लिलावानं देण्याचं २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात जाहीर झालंय. एजंटपेक्षा तो रस्ता सरळ. कन्नड कागद एखाद्या वकिलाकडनं ओळ न् ओळ वाचून घ्या. सही तुमची असते.

उचगावची_सून
दादा, मी परवान्यातलं काही जाणत नाही. पण आमच्या सासरी अरॅकची, म्हणजे स्वस्त देशी दारूची पाकिटं मिळायची तेव्हाचं घर मी बघितलंय. १ जुलै २००७ ला राज्यात अरॅक बंद झाली त्या महिन्यात सासूबाईंनी पहिल्यांदा पगार मोजून डब्यात ठेवला. तुम्ही परवाना घेऊन नियमानं केलंत तर मी वाईट म्हणणार नाही, तुमचं पोट आहे. एवढंच विचारते, घर आणि खानावळ एकाच भिंतीला आहे का? आई आणि बायकोला विचारलंय का? रात्री अकराला काउंटरवर तुम्ही असाल, पण भांडी घासायला मागं कोण असेल?

खानापूर_रोड
वहिनींनी विचारलं ते मला बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. माझा बार घरापासनं लांब होता, तेवढं नशीब.

आणखी एक राहिलं. बार झालाच, तर माल फक्त राज्य सरकारच्या बेवरेजेस कॉर्पोरेशनच्या डेपोतनं उचलायचा. २००३ पासनं राज्यात घाऊक माल दुसरीकडनं घेताच येत नाही. तुमच्याकडं एका बाजूला महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूला चोर्ला घाटानं गोवा. स्वस्तातली गोव्याची पेटी दारात आणून देणारे येतील. एक बाटली जरी काउंटरखाली सापडली तरी लायसन धोक्यात. २१ च्या खालच्या पोराला द्यायची नाही, हेही पहिल्या दिवसापासनं पाळा.

बाची_खानावळ
सगळ्यांचे आभार. काल दुपारी मुलीला टेपचं टोक धरायला लावलं आणि मोजलं. आमच्या दारापासनं देवळाच्या दारापर्यंत ७१ मीटर. म्हणजे या जागेवर होणारच नव्हतं, आणि एजंटनं तीन लाख घेतले असते. त्याला फोन करून नको म्हटलं. कागदांच्या झेरॉक्स माझ्याकडं आहेत, त्या वकिलाला दाखवणार आहे.

वहिनी, तुमचं वाचून आईला विचारलं. घर आणि खानावळ एकाच भिंतीला आहे. आई म्हणाली, भिंतीला लागून नको, लांब असलं तर बघू. बायको काही बोलली नाही, पण रात्री तिनं बाहेरची दारू चालणार नाही अशी पाटी माझ्याकडनं लिहून घेतली आणि स्वतः दारावर लावली.

काकांची माळावर जागा आहे, रस्त्यापासनं आत, जवळ देऊळ-शाळा काही नाही. तिथं खोल्या बांधायची ताकद आत्ता नाही. तरी बांधकाम खात्याकडं रस्त्याच्या दाखल्याचा अर्ज सोमवारी देऊन येतो. खानापूर रोडवाले दादा, अर्जात सर्व्हे नंबर काकांच्या नावावरचा घालायचा की माझं नाव लावून घेतल्यावर द्यायचा, तेवढं सांगा.

खानापूर_रोड
आत्ता काकांच्याच नावानं द्या, त्यांची सही घेऊन. दाखला रस्त्याचा आहे, मालकीचा नाही. उताऱ्याची ताजी प्रत जोडा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.