पहाटेच्या थंडीत जुनी डिझेल पिकअप सुरू होईना

प्रश्न : माझी जुनी पिकअप तूर घेऊन लातूरच्या आडत बाजारात जाते. दुपारी ती लगेच सुरू होते. पहाटे मात्र बराच वेळ सेल्फ मारावा लागतो आणि पांढरा धूर येतो. मेस्त्री चारही हिटर प्लग (थंड इंजिनात डिझेल पेटावे म्हणून आतली हवा तापवणारे प्लग) बदलायला सांगत आहेत. त्याआधी घरी काय तपासता येईल?

उत्तर १ : पांढऱ्या धुराला कच्च्या डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल पोहोचते आहे, पण थंड इंजिनात पेटत नाही, म्हणून प्लगवरचा संशय रास्त आहे. चारही प्लगना जोडणारी पट्टी आधी पूर्ण सोडवा, कारण ती तशीच राहिली तर मल्टिमीटर सगळ्यांचे एकत्रित माप दाखवतो आणि जळालेला प्लग लपून राहतो. मग प्लगचे टोक आणि इंजिनची बॉडी यांत रोध मोजा. चांगला प्लग थंड असताना साधारण 1 ओहमच्या आसपास दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल, तर तो जळालेला आहे.

उत्तर २ : प्लग चांगले निघाले तर चावी फिरवून पट्टीवर बॅटरीइतका व्होल्टेज येतो का ते पाहा, येत नसेल तर रिले (प्लगना वीज देणारा स्विच) किंवा फ्यूज तपासा. इंजिन लवकर सुरू व्हावे म्हणून कृपया एअर फिल्टरमध्ये ईथरचा (झटकन पेटणाऱ्या द्रवाचा) स्प्रे मारू नका. तापलेल्या प्लगवर तो अवेळी पेटून पिस्टन फुटू शकतो.

उत्तर ३ : धूर अजिबात नसता, तर डिझेल लाइनमध्ये हवा शिरल्याचा संशय मी आधी घेतला असता.