जुना प्लाझ्मा ठेवावा की नवा एलसीडी घ्यावा?

प्रश्न

नमस्कार. माझा मावसभाऊ घर बदलत असून त्याने त्याचा ५० इंची प्लाझ्मा टीव्ही आम्हाला देऊ केला आहे. संच २०११ सालचा, फुल एचडी आणि चालू स्थितीत आहे. तेवढ्याच आकाराचा नवा ४के एलसीडी घेण्याची तयारीही आम्ही ठेवली आहे. मात्र प्लाझ्मा आता दुकानांत मिळत नसल्यामुळे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सोय उरलेली नाही.

टीव्हीच्या समोरच्या भिंतीत मोठी खिडकी आहे आणि सोफा पडद्यापासून सुमारे दहा फुटांवर आहे. दिवसा आई-बाबा बराच वेळ बातम्या पाहतात, संध्याकाळी खेळांचे सामने असतात आणि मुले झोपल्यावर आम्ही दोघे दिवे मालवून चित्रपट पाहतो. चित्राचा दर्जा, विजेचा वापर आणि टिकाऊपणा यांचा एकत्रित विचार करता काय योग्य ठरेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

चित्रपटांपुरते बोलायचे तर हा प्लाझ्मा सोडू नका, असे मी आग्रहाने सांगेन, आणि त्याचे पहिले कारण म्हणजे काळा रंग. प्लाझ्मामध्ये प्रत्येक बिंदूसाठी लाल, हिरवी आणि निळी अशा तीन सूक्ष्म कुप्या असतात. त्यांतील निऑन-झेनॉन वायूतून विद्युतप्रवाह गेला की अतिनील किरण निघतात आणि कुपीच्या आतला फॉस्फरचा थर उजळतो. जिथे प्रकाश नको तिथली कुपी जवळपास विझलेलीच राहते. एलसीडीचे तत्त्व याच्या उलट आहे. त्याच्या मागचा दिवा सतत जळत असतो आणि द्रवस्फटिकांचा थर तो प्रकाश अडवतो, पण पूर्ण अडवू शकत नाही. अंधाऱ्या खोलीत चित्रपटाच्या वर-खाली येणाऱ्या काळ्या पट्ट्यांकडे पाहा: साध्या एलसीडीवर त्या राखाडी दिसतात आणि कोपऱ्यांत प्रकाशाचे डाग जाणवतात. मागचे दिवे भागाभागाने मंद करणारे महागडे एलसीडी ही उणीव बरीच भरून काढतात, परंतु काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे आली की अक्षरांभोवती धूसर वलय उमटते.

खेळांच्या बाबतीतही प्लाझ्माच सरस आहे. एलसीडी प्रत्येक चौकट पुढची चौकट येईपर्यंत तशीच धरून ठेवतो, आपली नजर मात्र चेंडूमागे सरकत राहते, आणि त्यामुळे चेंडूच्या कडा पुसट होतात. प्लाझ्मा चित्र अत्यल्प काळाच्या झोतांनी उभे करतो, म्हणून हालचाल स्वच्छ दिसते. शिवाय सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्यालाही मधल्या जागेइतकेच रंग मिळतात.

४के नाही म्हणून हळहळण्याचेही कारण नाही. ५० इंची पडद्याची रुंदी सुमारे १११ सेंटीमीटर असते. त्यात १९२० बिंदू बसवले की एक बिंदू जेमतेम ०.६ मिलिमीटरचा होतो. दहा फुटांवरून सामान्य दृष्टीला तो सुटा ओळखूच येत नाही, तेव्हा त्याचे आणखी चार तुकडे केल्याने त्या अंतरावर तपशिलात फारशी भर पडत नाही.

प्रतिसाद २

मी टीव्ही दुरुस्तीच्या व्यवसायात आहे. वरील प्रतिसादातील चित्राविषयीचे विवेचन मला मान्य आहे, पण निष्कर्ष मान्य नाही, कारण आपल्या घरात टीव्हीसमोरचा बहुतेक वेळ चित्रपटांचा नसून बातम्यांचा आहे.

वृत्तवाहिनीचे बोधचिन्ह आणि खालची पट्टी तासन्‌तास एकाच जागी असतात. तिथला फॉस्फर बाकीच्या पडद्याहून जास्त झिजतो आणि त्या आकाराची सावली कायमची उमटते. थोड्या वेळाने पुसली जाणारी तात्पुरती छाया वेगळी. ती घातक नसते. कायमचा डाग मात्र कोणत्याही दुरुस्तीने जात नाही. पडद्याचा उजेड कमी ठेवणे आणि चित्र किंचित सरकवत राहणारी सोय चालू ठेवणे, याने झीज मंदावते एवढेच.

दुसरी अडचण खिडकीची. प्लाझ्माची पुढची काच आरशासारखी चकाकते, आणि आतला फॉस्फर मुळात फिकट रंगाचा असल्यामुळे बाहेरचा उजेड परतवतो; म्हणजे रात्री ज्या काळ्या रंगाची एवढी थोरवी, तोच भर दुपारी करडा पडतो. एलसीडी दिवसा अधिक प्रखर दिसतो.

सुट्या भागांचे तर विचारू नका. पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस आणि सॅमसंग व एलजी यांनी २०१४ मध्ये प्लाझ्माचे उत्पादन थांबवले. पॉवर सप्लायमधील फुगलेले कपॅसिटर बदलता येतात, पण पॅनेलला उच्च दाबाचे स्पंद पुरवणारे बोर्ड आता बहुधा जुन्या संचांतून काढलेलेच मिळतात. एक कळकळीची सूचना: मागचे झाकण घरी कुणीही उघडू नये. पॅनेलच्या पाठीमागच्या चिकटपट्टीवर २०० व्होल्टच्या आसपासचे आकडे छापलेले असतात, आणि प्लग काढल्यानंतरही काही काळ तो दाब कपॅसिटरमध्ये टिकून राहतो.

विजेचे गणित सोपे आहे. दोन संचांच्या वापरात सरासरी १५० वॅटचा फरक धरला, तर रोज सहा तासांत ०.९ युनिट जास्त जळते. प्लाझ्माचा वापर चित्रानुसार बदलतो: अंधाऱ्या प्रसंगात कमी, उन्हातल्या मैदानावर जास्त.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बातम्यांच्या पट्टीचा मुद्दा आमच्या लक्षातच आला नव्हता, आणि आई-बाबांना वाहिनी बदलत राहा असे सांगणे मला योग्य वाटत नाही. आतल्या खोलीत मात्र भिंतीलगत जागा आहे आणि तिथे खिडकी बाजूला आहे. प्लाझ्मा घरी आणण्यापूर्वी त्यात काय तपासावे? आणि बैठकीसाठी एलसीडी निवडताना कशाकडे लक्ष द्यावे?

प्रतिसाद ३

आतली खोली असेल तर प्रश्न सुटण्यासारखा आहे: बैठकीत एलसीडी, आत रात्रीच्या चित्रपटांसाठी प्लाझ्मा. एकच संच ठेवायचा असता, तर दुरुस्ती करणाऱ्या जाणकारांच्या बाजूने मीही एलसीडीच सुचवला असता.

प्लाझ्मा तपासताना संपूर्ण पडदा एकाच रंगाने भरणारी चित्रे पेन ड्राइव्हवर न्यावीत: एक राखाडी, एक लाल, एक निळे. चालू कार्यक्रमात न दिसणारा डाग अशा सपाट रंगावर लगेच उठून दिसतो, विशेषतः कोपऱ्यातील बोधचिन्हाच्या जागी आणि तळाच्या पट्टीत. त्यानंतर अर्धा तास संच चालू ठेवून अंधाऱ्या प्रसंगात लाल किंवा जांभळे ठिपके चमकतात का, ते पाहावे. उजळ चित्राच्या वेळी बारीक गुणगुण ऐकू येणे स्वाभाविक आहे. अगदी जवळून पाहिल्यास गडद भागात रवाळ हालचाल दिसते. तीही बिघाड नव्हे, छटा निर्माण करण्याची ती पद्धतच आहे. संच आणताना तो उभाच ठेवावा. आडवा ठेवल्यास मोठी काच आपल्याच वजनाने आणि गाडीच्या हादऱ्यांनी तडकू शकते. भिंतीवरचा आधारही संचाचे वजन पाहूनच घ्यावा, कारण प्लाझ्मा नव्या एलसीडीहून पुष्कळ जड असतो.

एलसीडीबाबत दुकानातल्या भडक चित्रावर जाऊ नये आणि पॅनेलचा प्रकार आवर्जून विचारावा. व्हीए प्रकारात काळा रंग अधिक गडद मिळतो, पण बाजूने पाहिल्यास रंग फिके पडतात. आयपीएसमध्ये बाजूचे चित्र टिकते आणि अंधारातला काळा मात्र करडा होतो. आपल्या बैठकीत माणसे सोफ्याच्या दोन्ही टोकांना बसणार, दिवसा खिडकीचा उजेड असणार आणि रात्रीचे चित्रपट आत पाहिले जाणार, म्हणून इथे मी आयपीएस निवडेन. खिडकी समोर असल्यामुळे पडद्याचा पृष्ठभाग चकचकीत नसून प्रतिबिंब कमी करणारा असावा. दुकानात संच बंद असताना त्यात छताचे दिवे किती ठळक दिसतात यावरून त्याची कल्पना येते.