सिद्धेश्वर तळ्यावरचं आभाळ पांढरंफटक येतंय

काल दुपारी सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यावरून सिद्धेश्वर मंदिराचा फोटो काढला. तळं झकास, आभाळ मात्र धुऊन विटलेल्या चादरीसारखं. लाइटरूम या फोटो-एडिटिंग ॲपमध्ये डिहेझ (धुरकटपणा घालवणारा स्लायडर) ५० केलं, तर कळसाभोवती पांढरी कड उमटली. काय करू?

— फोटो रॉ (कॅमेऱ्याची मूळ कच्ची फाइल) की जेपेग (दाबून लहान केलेली)? जेपेगमध्ये आभाळ जळालं, म्हणजे पार पांढरं झालं असेल तर कितीही ओढा, काही निघत नाही.

— रॉ आहे.

— मग सुटलात! मास्किंगमधून (फोटोचा ठरावीक भागच निवडून बदलायची सोय) ‘सिलेक्ट स्काय’ घ्या, म्हणजे फक्त आभाळ निवडलं जाईल. हायलाइट्स (उजळ भाग) उणे ६०, डिहेझ १५ पुरे, टेम्परेचर (रंगाची छटा) जरा निळ्याकडे. कड राहिलीच तर ब्रशने कळस मास्कमधून वजा करा. आणि उन्हाळ्यात सोलापुरात दुपारी दोनला कसलं निळं आभाळ शोधताय राव? सकाळी जा.

— कड गेली! बायको म्हणते, आधीचाच बरा होता.