४००ईएक्स क्वाडचं थ्रीव्हीलर करायचंय, फ्रेम कुठे कापू आणि नेकचा अँगल किती ठेवू?

वाळूवेडा
नमस्कार मंडळी. मी मिशिगनमध्ये राहतो, डेट्रॉइटजवळ, काम गाड्यांच्या पार्ट डिझाइनचं. उन्हाळ्यात सिल्व्हर लेकच्या वाळूच्या टेकड्यांवर क्वाड (चार फुगीर चाकांची ऑफ-रोड गाडी) घेऊन जातो. तिथे एकाची १९८५ ची होंडा एटीसी २५०आर बघितली, तीन चाकांची, आणि ती ज्या पद्धतीने मागचं सरकवत वळत होती ते बघून वेड लागलं राव. पण चांगल्या अवस्थेतली २५०आर मिळणं अवघड, मिळाली तर किंमत ऐकून गप्प बसावं लागतं आणि स्पेअरचीही बोंब.

माझ्याकडे २००२ ची होंडा टीआरएक्स ४००ईएक्स आहे. इंजिन ठणठणीत, पण आधीच्या मालकाने कुठेतरी आपटलेली असल्याने पुढचे ए-आर्मचे (चाकं धरणाऱ्या दांड्यांचे) माउंट एका बाजूने वाकलेत, म्हणजे फ्रेमचा पुढचा भाग तसाही गेलेलाच आहे. तर विचार असा की तो पुढचा भाग कापून टाकायचा, नवीन बॅकबोन (वरची मुख्य नळी), हेड ट्यूब (हँडल ज्यात फिरतं ती पुढची नळी) आणि डाउनट्यूब (तिथून खाली येणाऱ्या नळ्या) टाकायच्या आणि होंडाच्या सीआरएफ२५०आर मोटोक्रॉस बाइकचा ४७ एमएमचा फोर्क बसवायचा. फोर्क घेऊन ठेवलाय. पुढचा टायर फुगीरच हवा, २३x८-११, एटीसीला असतो तसा.

प्रश्न असे: १) फ्रेम नक्की कुठे कापावी? २) सीआरएफचा २७ अंश रेक (हेड ट्यूब उभ्या रेषेपासून किती कललेली तो अँगल) तसाच कॉपी केला तर चालेल का? ३) पाइप ४१३० क्रोमोली (मिश्र पोलाद) घेऊ की साधा डीओएम (साध्या पोलादाचा ओढीव पाइप)? टिग वेल्डिंग मशीन आहे, हात बऱ्यापैकी बसलाय. जाणकारांनी सांगा प्लीज, घाई अजिबात नाही.

उद्यमनगरकर
भावा, आधी एक सांगतो, कटर हातात घ्यायच्या आधी जिग बनव, म्हणजे फ्रेम पक्की धरून ठेवणारा साचा. आमच्याकडं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात कुठल्याही चांगल्या फॅब्रिकेशनवाल्याला विचार, तो हेच सांगणार. मागचा अर्धा भाग हात लावायचा नाही, स्विंगआर्मचा पिव्होट, इंजिनचे माउंट, शॉकचा वरचा माउंट हे सगळं कंपनीनं बरोबर करून दिलंय, तेच आपलं माप. स्विंगआर्मच्या बोल्टच्या जागी सरळ घासलेला लांब रॉड घाल, तो रॉड म्हणजे तुझा शून्य. फ्रेम जाड प्लेटवर नायतर जड चॅनलवर पक्की आवळ, रॉड लेव्हलमध्ये आण आणि मग मधली रेषा काढ. हेड ट्यूब त्या रेषेवर ओळंबा सोडून बघायची. डोळ्यानं सरळ दिसतंय म्हणून टाका मारला तर गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढणार.

इंजिन जागेवर असताना माप घे, पण फुल वेल्डिंग इंजिन काढून कर. भंगारात इंजिनची फुटकी केस मिळाली तर सोन्यासारखी, ती बोल्ट करून ठेव, माउंट हलत नाहीत.

कापायची जागा: इंजिन ज्यात बसतं त्या खालच्या दोन क्रॅडल नळ्या इंजिनच्या पुढच्या माउंटच्या थोडं पुढं काप, वरच्या नळ्या शॉक टॉवरच्या मागं जिथं सरळ पाइप मिळतो तिथं. बेंडवर जोड नको. जोडात आतून स्लीव्ह घाल, दोन्हीकडं दीड-दोन इंच जाईल एवढी, बाहेरच्या नळीला भोकं पाडून तिथं प्लग वेल्ड मार आणि मग गोल वेल्ड. नुसता बट जोड ह्या जागेला टिकत नाही, उडी मारली की सगळा मार तिथंच येतो.

पाइप दोन्ही चालतो. ४१३० घेतलास तर बॅकबोन सव्वा इंची, ०.०९५ इंच जाडीचा, डाउनट्यूब एक इंची ०.०८३ इंच जाडीची घे. फिलर ईआर७०एस-२, कंपनीच्या नळीला जोडतानाही तोच चालतो. वेल्ड झाल्यावर पाणी नाही, पंखा नाही, आपोआप थंड होऊ दे, नायतर ४१३० वेल्डच्या शेजारी ठिसूळ होतं. नळीचं तोंड माशाच्या तोंडासारखं घासून एकदम फिट बसव, कानस जरा जास्त चालली तरी चालेल पण फट वेल्डनं भरायची नाही. आणि टाके समोरासमोर मारत जा, एक डावीकडं एक उजवीकडं. एका बाजूनं सलग ओढलास तर हेड ट्यूब तिकडं गेलीच समज.

हेड ट्यूबमध्ये बेअरिंगच्या जागी पितळेचा नायतर ॲल्युमिनियमचा डमी घालून वेल्ड कर, उष्णता तो पितो. तरी शेवटी बोअर थोडा अंडाकृती होतोच, म्हणून आधी किंचित कमी ठेव आणि वेल्ड झाल्यावर लेथवाल्याकडनं बोअर काढून घे.

बाहा_पुणे
कॉलेजात असताना बाहा एसएईइंडियाच्या टीममध्ये होतो, त्यामुळे वरच्या वेल्डिंगच्या सगळ्या मुद्द्यांना शंभर टक्के अनुमोदन. मी जॉमेट्रीवर बोलतो कारण माझ्या मते खरा खेळ तिथे आहे आणि २७ अंश कॉपी करणं हीच गडबड आहे.

ट्रेल म्हणजे हेड ट्यूबची रेषा जमिनीला जिथे लागते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर, तो कमी झाला की हँडल अस्थिर. त्याचं गणित साधं आहे. टायरची त्रिज्या गुणिले साइन रेक, त्यातून एकूण ऑफसेट (हेड ट्यूबच्या रेषेपासून ॲक्सल किती पुढे) वजा, आणि त्याला कॉस रेकने भागायचं. सीआरएफला पुढे २१ इंची चाक, टायरसकट त्रिज्या साधारण ३४५ एमएम. क्लॅम्पचा (फोर्कच्या दोन नळ्या धरणाऱ्या भागाचा) ऑफसेट २२ आणि फोर्कच्या खाली ॲक्सल जेवढा पुढे असतो तो ३५ च्या आसपास धर, एकूण ५७. (तुझ्या फोर्कवर मोजून घे.) २७ अंशाला ट्रेल येतो ११२ एमएम, जो मोटोक्रॉस बाइकला छान. आता तोच फोर्क, तोच अँगल, फक्त चाक २३ इंची फुगीर, म्हणजे त्रिज्या २९२. ट्रेल झाला ८५. एका फटक्यात २७ एमएम गेले. शिवाय हेड ट्यूब बाइकच्याच उंचीला ठेवलीस तर लहान चाकामुळे पुढचं ५३ एमएम खाली बसणार, तुझा व्हीलबेस १२३० च्या आसपास, म्हणजे रेक अजून जवळपास अडीच अंशाने उभा होणार आणि ट्रेल आणखी कमी. वाळूत वेगात असं हँडल हातात थरथरणार.

म्हणून क्रम असा ठेव: आधी टायर नक्की, मग क्लॅम्पचा ऑफसेट, मग अँगल, आणि सगळ्यात शेवटी हेड ट्यूबची उंची. तुला तसेही नवीन रुंद क्लॅम्प करून घ्यावे लागणार आहेत, कारण आठ इंची टायर म्हणजे २०० एमएम रुंद, आणि बाइकच्या क्लॅम्पमध्ये दोन नळ्यांच्या मधे तेवढी मोकळी जागाच नसते. करूनच घेतोयस तर ऑफसेट २२ ऐवजी १४ चा सांग. मग साडेअठ्ठावीस अंशाला ट्रेल १०३ च्या आसपास येतो. मी तिथून सुरुवात करेन.

फोर्कचा ट्रॅव्हल ३०० च्या वर आहे, मागचा तुझा त्यापेक्षा बराच कमी. आतून स्पेसर घालून २५० पर्यंत आण, नाहीतर पुढचं घोड्यासारखं वर राहील. आणि सगळी मापं गाडी नुसती स्टँडवर असताना नाही, स्वार बसल्यावर जेवढी दबते त्या उंचीला धरायची.

आता दुसरी गोष्ट, पलटी होण्याची. चार चाकांवर तुझा आधार चौकोन आहे, तीनवर त्रिकोण. मागच्या टायरचे मध्य ९०० एमएमवर आहेत असं धरलं तर क्वाडला मधल्या रेषेपासून बाजूला ४५० मिळतात. त्रिकोणात वजनाचा मध्य पुढच्या ॲक्सलपासून ६० टक्के मागे असेल तर तिथे रुंदी उरते ४५० च्या ६० टक्के, २७० फक्त. मध्याची उंची ६०० धर. वळताना बाजूचा जोर वजनाच्या ०.७५ पट (०.७५ जी) झाला की क्वाड उचलणार, थ्रीव्हीलर ०.४५ लाच. पण ७५ किलोचा माणूस ३० सेंटीमीटर आत झुकला तर गाडी आणि स्वार मिळून २४५ किलोचा मध्य ९ सेंटीमीटर आत सरकतो आणि तोच आकडा ०.६ पर्यंत जातो. एटीसीवाले वळणावर सीटवरून आत लटकलेले दिसतात ते ह्याचसाठी. म्हणून सीट आणि टाकी अशी कर की अंग मोकळेपणाने हलवता येईल, रुंद टाकी नको. बॅटरी, ऑइल टँक जे काही हलवता येतं ते खाली आण.

वाळूवेडा
बाहा दादा, हे गणित मी स्वतः करायला हवं होतं पण टायर आणि अँगल असे जोडून डोक्यात आलेच नव्हते, फार फार आभार. उद्यमनगरकर, जिगसाठी ऑफिसच्या शॉपमधून जुनी सरफेस प्लेट मिळतेय का बघतो.

एक शंका. रिक्षालाही पुढे एकच चाक असतं आणि ती आपल्याकडे गल्लीबोळात वळतेच की, मग ह्याला एवढं सरकवत का वळवावं लागतं?

बाहा_पुणे
रिक्षाला मागे डिफरन्शियल असतं, आतलं चाक हळू आणि बाहेरचं जोरात फिरू शकतं. तुझ्या ४००ईएक्सला मागे अख्खा एकच ॲक्सल, दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरणार. हँडल वळवलं तरी मागचं तुला सरळच ढकलत राहतं, पुढचं एकटं चाक नुसतं घासत जातं. आतल्या चाकावरचं वजन कमी केलं किंवा थ्रॉटलने दोन्ही सरकवली तरच ती वळते. वाळूत हे सहज होतं, डांबरावर पकड सुटत नाही आणि गाडी उलटते. डांबरावर अजिबात नको.

अण्णा_ओहायो
मी इथे चाळीसेक वर्षं आहे, त्यामुळे ह्या गाड्या नव्या असताना शोरूममध्ये पाहिलेल्या आहेत. तरुण मंडळींना थोडा इतिहास सांगतो, कारण त्याचा तुमच्या फ्रेमशी संबंध आहे.

होंडाच्या इथल्या डीलरांना हिवाळ्यात विकायला काहीतरी हवं होतं, त्यातून ओसामु ताकेउची ह्या इंजिनिअरने तीन फुगीर टायरांची गाडी केली आणि १९७० मध्ये ती यूएस९० म्हणून आली, पुढे तिचंच नाव एटीसी९० झालं. सस्पेन्शन नव्हतंच, धक्के काय ते टायरच सोसायचे. २५०आर आली १९८१ मध्ये, पाण्याने थंड होणारं इंजिन १९८५ पासून. त्याच काळात कावासाकीची टेकेट, यामाहाची ट्राय-झेड. वेग वाढत गेला, लहान मुलं बसू लागली, अपघात फार झाले. सरकारच्या ग्राहक सुरक्षा आयोगाबरोबर कंपन्यांचा समझोता झाला, १९८८ मध्ये कोर्टाने तो मंजूर केला आणि नवीन तीनचाकी विकणं थांबलं. २००८ च्या कायद्याने तर नवीन आणणं-विकणंच बंद केलं. जुनी बाळगायला, चालवायला त्याने बंदी नाही. म्हणूनच आज तुमच्यासारख्यांना घरी बांधावी लागते.

आता मुद्द्याचं. ह्या गाड्यांवर पायाच्या दुखापती फार व्हायच्या. गाडी कलली की बाइकच्या सवयीने माणूस पाय जमिनीवर टेकवतो आणि मागचं चाक त्या पायावर चढतं, माणूस खाली खेचला जातो. म्हणून फूटपेगपासून मागच्या टायरपर्यंत नर्फ बार (पाय चाकाखाली जाऊ न देणारा बाजूचा दांडा) आणि खाली जाळी किंवा पट्टे हवेतच. त्याचे माउंट नंतर चिकटवू म्हणू नका, फ्रेम जिगवर आहे तेव्हाच टाका. थ्रॉटलही अंगठ्याचाच ठेवा, जुन्या एटीसीला तोच होता. अंग आत-बाहेर हलवताना हँडलला घट्ट धरावं लागतं, तेव्हा मनगटाने फिरवायचा थ्रॉटल आपोआप उघडला जातो.

दुसरं, कापण्याआधी फ्रेम नंबर कुठे ठोकलाय ते बघा. बऱ्याच क्वाडवर तो पुढच्याच भागात असतो, म्हणजे तुम्ही फेकणार आहात नेमक्या त्याच तुकड्यावर. तो कापून दुसरीकडे वेल्ड करणं हा भलताच उद्योग होईल. मिशिगनमध्ये ओआरव्हीची (ऑफ-रोड गाडीची) टायटल, म्हणजे मालकीची नोंद, सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे असते, त्यांना आधी लेखी विचारा, फोटो काढून ठेवा, मगच कटर लावा.

उद्यमनगरकर
अण्णांचं बरोबर हाय. आणखी एक जीवावरचं राहिलं. नळी पुसायला ब्रेक क्लीनर वापरू नकोस, क्लोरीनवाला असला आणि थोडा जरी नळीत राहिला तर टिगच्या आर्कनं फॉसजीन गॅस होतो, माणूस जातो त्यानं. ॲसिटोननं पूस, पूर्ण वाळू दे. जस्ताचा मुलामा असलेले बोल्ट, ब्रॅकेटही वेल्ड करायच्या आधी घासून घ्यायचे आणि शेडचं दार उघडं ठेवायचं.

वाळूवेडा
फ्रेम नंबर आत्ताच जाऊन बघितला, पुढच्या नळीवरच आहे. सोमवारी सेक्रेटरी ऑफ स्टेटला मेल टाकतो, तोपर्यंत कापत नाही. अण्णा, मनापासून धन्यवाद.

क्लॅम्प १४ ऑफसेटचे ६०६१-टी६ मध्ये करून घेणार. अजून दोन गोष्टी अडल्यात. क्वाडचा पुढच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर तसाच ठेवू का? आणि इंजिन ड्राय संप आहे, ऑइल टँक वेगळा, वर ऑइल कूलर, पुढचं सगळं गेल्यावर हे कुठे बसवू?

बाहा_पुणे
मास्टर सिलिंडर सीआरएफचाच घे, कॅलिपरसोबतचा. क्वाडचा दोन कॅलिपरसाठी आहे, एका कॅलिपरवर लिव्हर दगडासारखा लागेल आणि किती दाबला ते बोटाला कळणार नाही. एकच पुढचं चाक असताना ते कळायलाच हवं. हबचे बेअरिंग आणि स्पेसर सीआरएफच्या ॲक्सलच्या मापाने लेथवर करून घे, डिस्क कॅलिपरच्या बरोबर मधे येतेय का ते टायर चढवायच्या आधी बघ.

ऑइल टँक दोन डाउनट्यूबच्या मधे, जमेल तेवढा खाली, रबर माउंटवर. होज आखूड आणि कुठेही मुरड नको. कूलर त्याच्या वर, पण फोर्क पूर्ण दबल्यावर टायर कुठवर येतो ते स्प्रिंग काढून, फोर्क तळाला टेकवून बघ आणि वर निदान दोन बोटं जागा सोड. त्याच वेळी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघ, फोर्कची नळी टाकीला लागायच्या आधी अडेल असे स्टॉपर हेड ट्यूबवर टाकायचे आहेत, आणि ते गसेट (जोडाला आधार देणाऱ्या पट्ट्या) वेल्ड करायच्या आधी.

उद्यमनगरकर
गसेटचं टोक नळीच्या मधोमध टोकदार संपवू नकोस, गोल घे, नायतर तिथनंच क्रॅक चालू होतो. आणि सिल्व्हर लेकला मागं झेंड्याची काठी लागते म्हणतात, त्याचा ब्रॅकेटपण आत्ताच मागच्या ग्रॅब बारवर मारून घे. टाके मारून झाले की फुल वेल्डच्या आधी फोटो टाक, हेड ट्यूबपासून स्विंगआर्मच्या रॉडच्या दोन्ही टोकांची तिरकी मापं पण लिही. दोन्ही एकसारखी आली की पुढं बोलू.