मदत हवी आहे: मजकूर सगळ्या पेशींकडे एकच, मग एकीचा डोळा अन् दुसरीचं नख कसं?

धानवाला (साकोलीजवळ, जि. भंडारा)

नमस्कार मंडळी. भाची नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं 'अंड्यातून पिल्लू' हा विषय घेतला. आमची एक गावरान कोंबडी खुडूक झालीच होती, म्हटलं घे, आयतंच आहे. टोपल्यात तणस टाकून अंडी बसवली. पाचव्या रात्री लाइट गेली तेव्हा एक अंडं काढून मोबाइलच्या टॉर्चवर धरलं. आत नारिंगी उजेड, चहूकडे बारीक लाल शिरा फुटलेल्या अन् मधात मोहरीएवढा काळा ठिपका. तो हलत होता. आई म्हणते तो डोळा. तिनं जन्मभर कंदिलावर अंडी पाहिली आहेत, त्यामुळे त्यावर वाद नाही.

आता अडचण. एकाच्या दोन, दोनाच्या चार पेशी होतात अन् प्रत्येकीत तोच डीएनए, म्हणजे शरीर घडवायचा तोच मजकूर असतो, इथवर शाळेतलं आठवते. मग एकीनं डोळा व्हायचं अन् दुसरीनं नख, हे ठरवते कोण? वासराचं ठीक आहे, ते आईच्या पोटात असते, नाळ असते. इथं कोंबडी नुसती ऊब देते, हॅचरीत तर तीही नाही. व्हिडिओत सगळे म्हणतात 'जीन्स सूचना देतात'. अरे पण कोणाला, अन् सगळ्यांना वेगवेगळ्या कशा? परीक्षक नेमकं हेच विचारतील.

अजून एक. कोंबडीनं अंडी दहा-बारा दिवसांत घातली, तरी पिल्लं सोबतच निघतात. पहिलं अंडं पुढं का जात नाही?

प्राणिशास्त्रवाली (अमरावती)

भाऊ, शेवटचं आधी, ते सोपं आहे. फलन कोंबडीच्या पोटातच होतं आणि पांढरा बलक, कवच चढेपर्यंतचा साधारण एक दिवस पेशी विभागतच असतात. अंडं बाहेर येतं तेव्हा पिवळ्यावर जी ३-४ मिलीमीटरची पांढुरकी चकती दिसते, तिच्यात हजारो पेशी असतात. बाहेर गार झालं की काम थांबतं. कोंबडी बसली, ३७-३८ अंश मिळाले की सगळी अंडी एकदम सुरू होतात आणि २१ दिवसांच्या आसपास सोबत फुटतात. भाचीला हेही सांगा की फलनाआधी तो अख्खा पिवळा बलक म्हणजे एकच पेशी असते. मुलं यावर विश्वास ठेवत नाहीत.

आता मुख्य प्रश्न. मजकूर सगळीकडे तोच राहतो, हे जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये दाखवलं. टॅडपोलच्या (बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लाच्या) आतड्यातल्या पेशीचं केंद्रक, म्हणजे डीएनए असतो तो भाग, त्यांनी बेडकाच्या अंड्यात घातलं, अंड्याचं स्वतःचं केंद्रक निकामी करून. त्यातून पोहणारे टॅडपोल झाले. म्हणजे आतडं झालेल्या पेशीतही अख्ख्या प्राण्याचा मजकूर शाबूत होता. (नोबेल मिळालं थेट २०१२ मध्ये!) फरक पडतो तो कुठले जीन चालू आणि कुठले बंद, यानं.

हे चालू-बंद पेशीला बरंचसं शेजारणींकडून कळतं. काही पेशी प्रथिनं सोडतात, ती जवळ दाट आणि लांब विरळ असतात. मिळालेल्या प्रमाणावरून पेशी आपली जागा ओळखते. शिवाय आधी काय ठरलंय तेही तिच्या लक्षात राहतं. कोंबडीवरचाच प्रयोग सांगते. १९५० च्या दशकात जॉन सॉन्डर्स आणि सहकाऱ्यांनी भ्रूणात जिथून मांडी व्हायची तिथला तुकडा काढून पंखाच्या कोंबाच्या टोकाशी बसवला. तिथे मांडी झाली नाही आणि पंखही झाला नाही. पायाची बोटं आली, नखांसकट! 'मी पायाची' हे पेशींना आधीच ठरून गेलं होतं, 'मी टोकाला आहे' हे नव्या जागेनं सांगितलं. परीक्षकांना एवढं एकच सांगितलं तरी पुरे.

धानवाला

ताई, बोटांचं ऐकून भाची जेवण सोडून उठली. पण तिचा लगेच प्रश्न: शेजारणीनं सांगितलं, तर सगळ्यात पहिल्या शेजारणीला कोणी सांगितलं?

प्राणिशास्त्रवाली

पोरगी हुशार आहे. सुरुवातीला अंडं स्वतःच सगळीकडे सारखं नसतं. बेडकात शुक्राणू ज्या बाजूनं शिरतो, साधारण त्याच्या समोरच्या बाजूला पाठ होते. कोंबडीत कवच चढताना अंडं पोटात गोल फिरत असतं, त्यामुळे ती चकती तिरपी राहते. तिची वरची कड शेपटीची बाजू होते. म्हणजे डोकं कुठे, शेपूट कुठे हे ठरवण्यात गुरुत्वाकर्षणाचा हात असतो.

कोंबडीमित्र (वरोरा)

दादा, रोज वेगळं अंडं काढू नका. पेन्सिलनं खूण करून एकच पाहा अन् लगेच ठेवा. १८ व्या दिवसानंतर तर हात लावूच नका. प्रदर्शनात जिवंत अंडं फोडून दाखवायच्या भानगडीत पडू नका, चित्रं पुरतात.

धानवाला

खूण केली. ताई, तिरप्या चकतीचं चित्र मराठीत कुठं मिळेल का? नसेल तर भाचीलाच काढायला लावतो, तुम्ही एकदा तपासून द्या.