शब्दचर्चा : छाट कलम, दाब कलम, गुटी आणि नुसतं ‘कलम’

प्रश्न

जास्वंदीची फांदी कापून मातीत लावली तरी ‘कलम’, आणि आंब्याच्या रोपावर दुसऱ्या झाडाची काडी जोडली तरी ‘कलम’. मोगऱ्याची फांदी मातीत दाबली की ‘दाब कलम’, क्रोटनच्या फांदीला ओलं शेवाळ गुंडाळलं की ‘गुटी कलम’. यांत सारखं असं काय आहे? आणि ‘पेराखाली काप घ्या’ असं जिथे तिथे वाचते. पेर म्हणजे गाठ, की दोन गाठींमधला भाग?

प्रतिसाद

‘कलम’ अरबीतून आलं. मूळ अर्थ बोरूची लेखणी. ‘शिर कलम करणे’ या प्रयोगात कापण्याचा अर्थ स्पष्ट दिसतो. बागकामात मात्र हा शब्द फार पसरला. बी न पेरता, झाडाच्या एखाद्या भागापासून तयार केलेलं कुठलंही झाड म्हणजे कलम, असा आज त्याचा ऐसपैस अर्थ आहे. त्यामुळे नुसतं ‘कलम’ म्हटल्यावर काय केलं ते कळत नाही. ते कळतं सोबतच्या क्रियापदावरून, आणि मला तरी या सगळ्या प्रकरणात क्रियापदंच जास्त बोलकी वाटतात.

छाट कलम ‘लावतात’. फांदी आईझाडापासून आधीच तुटलेली असते, मुळं नंतर फुटतात. दाब कलमात फांदी ‘दाबतात’. ती झाडालाच असते, मुळं आधी फुटतात आणि ताटातूट नंतर होते. गुटी ‘बांधतात’. तत्त्व दाब कलमाचंच, फक्त फांदी मातीपर्यंत वाकत नाही म्हणून ओलावा फांदीपर्यंत न्यायचा. डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला अंकुर, ‘भरतात’, आणि इथून वेगळं घराणं सुरू होतं : खाली एका झाडाचा खुंट, म्हणजे मुळांसकटचा बुंधा, वर दुसऱ्याचा डोळा किंवा काडी.

हा शेवटचा फरक घरच्या बागेत अडतो तो गुलाबापाशी. डोळा भरलेल्या गुलाबाच्या जोडाखालून जोमदार फुटवा आला तर तो खुंटाचा असतो, तो काढून टाकावा लागतो. छाट कलमाने केलेल्या गुलाबाला जमिनीतून फुटवा आला तर तो त्याच जातीचा, तो ठेवायचा. दोन्ही झाडांना आपण ‘कलमी गुलाब’ म्हणतो, म्हणून कुणी सल्ला विचारला की आधी ‘कसलं कलम?’ हे विचारणं भाग आहे.

प्रतिसाद

माळीकाम करणाऱ्यांच्या तोंडी ‘गुटी कलम’ असा जोडशब्द मी क्वचितच ऐकला आहे. ‘गुटी बांधली’, ‘गुटी धरली’, एवढंच. ‘छाट कलम’ हाही छापील वळणाचा शब्द, त्याच अर्थी ‘फाटे कलम’ असंही लिहितात. बोलताना ‘फांदी लावली’ किंवा ‘काडी लावली’ पुरतं.

गुटीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथे प्रत्येक शब्दामागे काम आहे. ‘साल काढा’ म्हणजे वरवर खरवडणं नव्हे. फांदीभोवती सुमारे अडीच ते तीन सेंटीमीटर रुंदीचं सालीचं कडं पूर्ण उतरवायचं आणि आतल्या लाकडावरचा बुळबुळीत थर पुसून घ्यायचा. तो राहिला तर साल पुन्हा सांधली जाते आणि मुळं येतच नाहीत. सालीत रसवाहिन्या असतात. त्या तुटल्या की पानांत तयार झालेलं अन्न आणि शेंड्याकडून येणारी संजीवकं (वाढ घडवणारी द्रव्यं) कापाच्या वरच्या कडेला साठतात. तिथे फुगीर कड धरते आणि मुळं फुटतात ती त्या वरच्या कडेलाच. जलवाहिन्या आतल्या लाकडात असतात, त्यांना धक्का लागत नाही, म्हणून फांदी सुकत नाही. शेवाळ भिजवून, घट्ट पिळून बांधायचं. पाणी निथळणारं शेवाळ बांधलं तर साल कुजते. पारदर्शक प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं भरपूर दिसली की गुटीच्या खाली कापायचं.

प्रश्नकर्तीकडून

मग ‘पेर’?

प्रतिसाद

तुमचा गोंधळ खरा आहे, कारण भाषेत दोन्ही अर्थ नांदतात. बोटाचं पेर म्हणजे दोन सांध्यांमधला भाग, जप मोजताना आपण तोच धरतो. वनस्पतिशास्त्राच्या शालेय पुस्तकात मात्र पान जिथे फुटतं ती जागा म्हणजे पेर, आणि दोन पेरांमधला भाग म्हणजे कांडं. ‘पेराखाली काप’ मध्ये हा दुसरा अर्थ आहे : गाठीच्या लगेच खाली. अनेक झुडपांत मुळं गाठीपाशी सहज फुटतात आणि खाली लोंबणारं कांडं नुसतं कुजतं.

साधारण पंधरा ते वीस सेंटीमीटर लांब, पेन्सिलीएवढी जाड काडी घ्या. खालचा काप गाठीखाली सरळ, वरचा डोळ्याच्या थोडा वर तिरका. तिरक्या कापाने पाणी साचत नाही, शिवाय वरची बाजू ओळखू येते. तेही महत्त्वाचं, कारण काडीचा जो भाग झाडाच्या बुडाकडे होता तिथेच मुळं धरतात. उलटी खोचलेली काडी सहसा वाया जाते.

‘जून फांदी’ हाही शब्द सैल वापरला जातो. बोगनवेलीला जून, म्हणजे लाकूड धरलेली फांदी चालते. जास्वंदीला अर्धवट पिकलेली बरी : वाकवली तर लवते, पण हिरवी लिबलिबीत नसते. तिला ‘निबर’ म्हणावं, ‘जून’ नको, असं माझं मत आहे.

प्रतिसाद

‘निबर’ला माझा विरोध. भेंडी निबर झाली म्हणजे खाण्यापलीकडे गेली, हा अर्थ डोक्यात पक्का बसलेला असतो. फांदीला ‘अर्धपक्व’ किंवा सरळ ‘जरा पिकलेली’ म्हणा.

आणि एक शब्द राहिला : ‘नागमोडी दाब’. जुईसारख्या लांब, लवचिक वेलीची एकच फांदी आळीपाळीने मातीत आणि मातीवर घेत नेतात. जमिनीतल्या प्रत्येक गाठीला खालून साल थोडी खरवडतात. वर राहिलेल्या प्रत्येक वळशात किमान एक डोळा हवा, कारण मुळं खाली धरली तरी नवी फूट त्या डोळ्यातूनच येते.