हात लावला की लोकर निघून येतेय, खरूज नाही, मग काय?

बांधावरचा_पोरगा (ता. शिंदखेडा)
नमस्कार मंडळी. आमच्याकडे ५५ मेंढरं आहेत, सगळी दख्खनी, बहुतेक काळी. दरवर्षी दिवाळी झाली की वडील वाडा घेऊन गुजरातकडे निघायचे ते पाऊस लागल्यावरच परत, पण यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून पहिल्यांदाच मेंढरं घरी शेडमधे ठेवली. आता गेल्या १०-१२ दिवसांपासून मानेवर आणि पाठीवर लोकर धरली की मुठीत निघून येतेय, १८-२० मेंढरांना तरी असं झालंय. खाली कातडी एकदम स्वच्छ गुलाबी, खपली नाही, गोचीड नाही, खाजवतही नाहीत. मेडिकलवाल्याने खरजेचं म्हणून इंजेक्शन दिलं ते मारलं, काडीचा फरक नाही. उपाशी तर अजिबात नाहीत, हिरवं भरपूर खातात, तरी काही जणी सुस्त वाटतायत. अजून एक, काळी लोकर टोकाला तांबूस पडलीये. कुणाला अनुभव आहे का?

कोरडवाहू
गळू दे ना भाऊ, कातरायची मजुरी वाचली 😄 लोकर विकून कातरणाऱ्याचे पैसे पण सुटत नाहीत आता. मटणाचं बघ.

आप्पा_साक्री
भो, आमनाकडे बी असंच व्हयेल व्हतं मागे. तांबूस लोकर म्हणजे तांब्याची कमी, आमचे म्हातारे मोरचुदाचं (तांब्याच्या निळ्या खड्याचं) पाणी पाजायचे, जंत पण मरायचे आणि लोकर पण काळी व्हायची. चिमूटभर मोरचूद पाण्यात घालून पाज आठवडाभर.

जुना_पर्यवेक्षक
थांबा थांबा, मोरचूद कुणीही पाजू नका!! आप्पा, राग मानू नका, जुन्या काळी जंतावर मोरचूद पाजायचे हे खरंय, मी पण पाहिलंय. पण मेंढी म्हणजे गाय नव्हे. मेंढीला तांबं लागतं अगदी थोडं आणि जास्तीचं झालं की ते बाहेर टाकता येत नाही, लिव्हरमधे साठत जातं, महिनोन्‌महिने काही दिसत नाही आणि एक दिवस रक्त फुटतं, डोळे पिवळे, लघवी काळपट लाल, दोन दिवसांत खेळ खलास. गायीम्हशीचं मिनरल मिक्चर मेंढीला घालू नका सांगतात ते याचसाठी. मोरचूद खुरं कुजली तर पाय बुडवायला वापरा, तोंडात नको.

पोरा, आधी मला चार गोष्टी सांग. मागच्या दीड-दोन महिन्यांत कळपात ताप येऊन गेला का? डोळ्याची खालची पापणी ओढून बघ, आतून लाल आहे की पांढरी? जबड्याखाली सूज आहे का? आणि "हिरवं भरपूर" म्हणजे नक्की काय?

बांधावरचा_पोरगा
नाना, ताप नाही आला. पापणी बहुतेकांची गुलाबी, ७-८ जणींची मात्र फिकी आहे, एकीला जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबतेय. खायला मार्चपर्यंत कपाशीचं रान आणि हरभऱ्याचं कुटार होतं, ते संपलं. मग विहिरीच्या बांधाला आमची सुबाभळीची ओळ आहे, एकदम कोवळी फुटलेली, तीन आठवडे झाले रोज त्याच फांद्या छाटून टाकतोय. खूप आवडीने खातात म्हणून दोन्ही वेळा तेच देतोय, ढेप परवडत नाही. आता तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं, चार गाभण मेंढ्या वेगळ्या बांधल्यात, त्यांना कडबा कुट्टी आणि थोडी सरकी ढेप देतो, त्यांची लोकर गळलेली नाही!!

जुना_पर्यवेक्षक
बघ, उत्तर तूच दिलंस. सुबाभूळच.

सुबाभळीच्या पाल्यात प्रोटीन चांगलं, त्यात वाद नाही, पण त्यात मिमोसिन नावाचा एक पदार्थ असतो, कोवळ्या शेंड्यात आणि बियांत सगळ्यात जास्त. लोकर जिथून उगवते त्या मुळाशी पेशी रात्रंदिवस वाढत असतात, मिमोसिन ती वाढ थांबवतं. वाढ थांबली की लोकर मुळाशी बारीक होते आणि आठवडा-दोन आठवड्यांत ओढली की निघते. कातडीला काही झालेलं नसतं म्हणून तुला खाली स्वच्छ गुलाबी दिसतंय. खरजेत असं दिसलंच नसतं. गंमत म्हणजे १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात हेच मिमोसिन मुद्दाम देऊन कातर न लावता लोकर काढता येईल का याचे प्रयोग झालेत! तू फुकटात केलास.

आता मग शेळ्या दिवसभर सुबाभूळ खातात त्यांना काही का होत नाही, असं कुणीतरी विचारेलच. पोटात हे विष फोडणारे जंतू असतील तर होत नाही. १९८० च्या दशकात रेमंड जोन्स नावाच्या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाला दिसलं की हवाई बेटावरच्या शेळ्या सुबाभूळ खाऊनही धडधाकट राहतात, त्यांच्या पोटातले जंतू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिले तर तीही तगली. पुढे त्या जंतूला जोन्सचंच नाव लागलं, सिनर्जिस्टिस जोन्सी. आपल्याकडच्या जनावरांतही असे जंतू असतात, पण ते वाढायला वेळ लागतो, हळूहळू सवय लावावी लागते. तुझी मेंढरं तर जन्मभर रानोमाळ फिरलेली, दिवसभर दहा प्रकारचा पाला तोंडात, आणि तू एका दिवसात सगळंच बदललंस. शिवाय मिमोसिन पोटात अर्धवट फुटलं की जे उरतं ते थायरॉइडला त्रास देतं, मेंढरू सुस्त होतं, खाणं कमी करतं. तुझ्या काही जणी सुस्त आहेत म्हणालास ना.

आजपासून सुबाभूळ पूर्ण बंद. नंतर परत सुरू केलीस तर एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जायचं नाही, पाला सुकवून द्यायचा, सुकल्यावर मिमोसिन बरंच कमी होतं. बाकी बोरीचा, बाभळीचा पाला, बाभळीच्या शेंगा, कडबा, जे मिळेल ते मिसळ. उघड्या पाठीच्या मेंढ्या मे महिन्याच्या उन्हात सोडू नको, भाजून निघतील.

आणि ती फिकी पापणी आणि जबड्याखालची पिशवी, तो वेगळा आजार आहे. जठरातले रक्त पिणारे जंत. त्या सगळ्यांना डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे जंताचं औषध दे, लेंड्या तपासून घेतल्या तर उत्तम. जंत पण लोकर खातात असंच समज, कारण लोकरीला लागणारं प्रोटीन ते आधीच शोषून घेतात.

घोंगडीवाली
दादा, तांबूस टोकाचं मी सांगते, आमच्या घरी तीन पिढ्या सूत कातायचं काम आहे. लोकरीची एक बट काढ आणि मुळापासून टोकापर्यंत उलगडून बघ. तांबूसपणा फक्त टोकाला असेल तर ते ऊन आहे, काळी लोकर उन्हात भुरकी पडतेच. पण मुळाशी किंवा मधेच पट्टा भुरका असेल आणि त्या पट्ट्यात लोकरीचे वळसे गेलेले, केस सरळ तारेसारखा झालेला असेल तर तेव्हा मेंढरात काहीतरी कमी पडलं होतं. आप्पांनी सांगितलं तांब्याच्या कमीचं, ते हेच.

आणि बटेची दोन टोकं धरून ताणून बघायची. चांगली लोकर ताण सहन करते, नाहीतर ठरावीक जागीच टचकन तुटते. दुष्काळातली लोकर चरख्यावर अशी तुटते की जीव नकोसा होतो, चिंचोक्याची कितीही खळ लावा. माझी आजी नुसती बट हातात घेऊन सांगायची, हिला पावसाळ्यात आजारपण झालं होतं.

जुना_पर्यवेक्षक
ताईंचं शंभर टक्के बरोबर. मेंढीची लोकर वर्षभर वाढतच राहते, उपाशी मेंढीची पण वाढते, फक्त बारीक होत जाते, स्वतःचं मांस झिजवून ती लोकर काढते. ताप आला, व्यायली, दूध पाजलं, खायला कमी पडलं, हे सगळं त्या धाग्यात जागच्या जागी उमटतं. म्हणून आज ढेप घातली तर लोकरीत फरक दिसायला महिना-दीड महिना जातो, लोक आठ दिवसांत वैतागतात.

बांधावरचा_पोरगा
ताई, बघितलं, फक्त टोकालाच आहे, मुळाशी काळीभोर. नाना, मग त्या गाभण चार जणींना ढेप चालू ठेवू का? वडील म्हणतात लोकर जळो, आधी कोकरं जगली पाहिजेत.

जुना_पर्यवेक्षक
वडील बरोबर बोलतात आणि दोन्ही एकच गोष्ट आहे. मेंढी पाच महिने गाभण असते, त्यातल्या शेवटच्या दीड महिन्यात कोकराचं बहुतेक वजन वाढतं, आणि कोकराच्या कातडीत लोकरीची बारीक मुळं पण शेवटच्या दोन महिन्यांत आणि जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांत तयार होतात. तेव्हा आई उपाशी राहिली तर मुळंच कमी पडतात, नंतर कितीही खुराक घाल, ती वाढत नाहीत. सरकी ढेप चालू ठेव, पण व्यायल्यावर लहान कोकरांच्या तोंडाला लागू देऊ नको, सरकीतलं गॉसिपॉल मोठ्या मेंढीला पचतं, कोकराला नाही.

कोणी युरियाची प्रक्रिया केलेला कडबा घालत असेल तर गंधकाचं पण बघा. लोकर जाळली की जो घाण वास येतो तो गंधकाचा, लोकरीत तो भरपूर असतो. नुसता युरिया घालून गंधक नसेल तर पोटातल्या जंतूंना लोकरीच्या कामाचं प्रोटीन तयार करता येत नाही. हिशोब साधारण दहा भाग नायट्रोजनला एक भाग गंधक.

आप्पा_साक्री
मोरचुदाचं मागे घेतो भो. गेल्या साली आमची दोन मेंढरं अशीच गेली होती, लघवी लाल झालेली, आम्ही समजलो साप चावला.

बांधावरचा_पोरगा
अपडेट. सुबाभूळ बंद करून १४ दिवस झाले. नवीन गळणं थांबलंय, उघड्या जागी काळी खुंटं दिसतायत, हात फिरवला की दाढीसारखी टोचतात. जंताचं औषध दिलं, पिशवीवाली एक गेली, बाकीच्यांच्या पापण्या सुधारतायत. सुबाभळीचा पाला आईने खळ्यावर वाळत घातलाय आणि शेजारच्यांच्या शेळ्या येऊन फुकट खातायत, त्यांना काहीच होत नाहीये 🙏 चारपैकी एक व्यायली, नर आहे, पांढरा कपाळावर.